खैरमाळाच्या चढावरचा हात

ऐका. आधी तारीख सांगतो, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की केरबाआबा पदरचं घालून सांगतो. सतरा डिसेंबर, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. वार मंगळवार. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, आणि थंडी अशी की भर दुपारीसुद्धा माणसं उन्हाच्या बाजूनं भिंत धरून चालत होती. चतुर्थीची कोर. ती साडेआठला मावळली. नंतर वाराही पडला. नुसत्या चांदण्या.

त्या पऱ्हाट्या टाका शेकोटीत. हां. सरका जवळ.

तर त्या रात्री नऊच्या सुमाराला पिंपरखेड स्टेशनाच्या बाहेर, सिग्नलाच्या पलीकडं, अंधारात एक माणूस उभा होता. भिवसन त्याचं नाव. वय चाळीसच्या आसपास. खांद्यावर घोंगडं, फडक्यात दोन भाकरी. मालगाडीची वाट बघत होता.

काय म्हणालास? तिकीट? अरे बाबा, मालगाडीला कसलं तिकीट!

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही माणसं बघितलेलीच नाहीत. तेव्हा आपली लाईन लहान होती, मीटर गेजची. इंजिन कोळशाचं. आणि त्या मालगाड्यांच्या रिकाम्या वाघिणींतनं माणसं हिंडायची. वाघीण म्हणजे मालाचा डबा, एवढं तर माहीत आहे ना? घर नाही, शेत नाही, अशी माणसं. आज जिनिंगमध्ये, उद्या चुनाभट्टीवर, परवा खाणीत. काम सरलं की निघाले. गाडी जिकडं जाईल तिकडं. आम्ही लाईन दुरुस्त करणारे गँगमन लोक त्यांना मालवाले म्हणायचो. चोर नव्हते ते. शपथेवर सांगतो. पोत्याला बोट लावायचे नाहीत. वाघिणीत बसायचे, भाकर मोडून खायचे, बिडी ओढायचे आणि पुढं कुठंतरी उतरून जायचे.

पण त्यांचे कायदे होते. पोलिसांचे असतात त्याहून कडक.

एक कायदा दाराचा. वाघिणीचं दार सरकतं असतं आणि आतनं उघडत नाही. हिसका बसला, दार बंद झालं, की संपलं. ती वाघीण एखाद्या बाजूच्या लाईनीवर पंधरा-पंधरा दिवस पडून राहते. आत ओरडा, नाहीतर मरा. म्हणून प्रत्येक मालवाल्याच्या कनवटीला बाभळीच्या लाकडाचा एक गुटका असायचा. चढलं की पहिलं काम काय? दाराच्या खोबणीत गुटका ठोकायचा.

आणि दुसरा कायदा हाताचा. गाडीबरोबर कुणी धावत आला आणि हात मागितला, तर द्यायचा. नाव विचारायचं नाही, गाव नाही, जात नाही. आधी वर घ्यायचं, मग बोलायचं. आणि हात कसा द्यायचा? पंजाला पंजा नाही! पंजा घामानं सुटतो. मनगटाला मनगट. त्यानं तुझं धरायचं, तू त्याचं. एकाचा सुटला तरी दुसऱ्याचा राहतो. समजलं? हे नीट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

भिवसन वीस वर्षं मालवाला होता. पण त्या रात्रीच्या आधी अकरा महिने तो एकदाही वाघिणीत चढलेला नव्हता. पिंपरखेडच्या चुनाभट्टीवर राहिला होता. खडा फोडायचा, भट्टी भरायची, तिथंच निजायचा. गाडीची शिटी वाजली की घोंगडं डोक्यावरनं घ्यायचा.

का? तेच सांगतो.

त्याचा एक जोडीदार होता. उकंडा. माळसेलूचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललेला, म्हणून उकंडा. मोठा हसतमुख गडी. वाघिणीत सगळ्यांत आधी याची बडबड सुरू. भिवसनला म्हणायचा, "लेका, मला मरणानं एकदा उकिरड्यावर सोडलंय. आता ते माझ्याकडं यायला लाजतंय." भिवसनला घर ना दार, पण उकंड्याला बायको होती. सोजर. घरात धाकटा भाऊ होता. वर्षातनं दोनदा तो घरी जायचा, दिवाळीला आणि संक्रांतीला.

तर त्या साली तेरा जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या रात्री, दोघं निघाले माळसेलूला. दिवसभर तेलाच्या घाण्यावर पेंड भरायचं काम केलेलं. हात तेलानं माखलेले. मातीनं पुसले, पण तेल ते तेल. वाघिणीत बसले. मधे खैरमाळाचा चढ लागतो. तुम्हाला ठाऊक आहे तो चढ. तिथं कोळशाचं इंजिन असं रडत जायचं, असं रडत जायचं, की माणूस बाजूनं आरामात चालावा. उकंडा म्हणाला, "थांब, बोरं घेऊन येतो सोजरीसाठी." लाईनीच्या कडेला बोरी होत्या. उतरला! चालत्या गाडीतनं उतरला, बोरं तोडली, धोतराच्या ओच्यात भरली, आणि हसत हसत धावत आला. "हात दे रे!"

भिवसननं उजवा हात दिला. डावा हात दाराच्या कडीला. मनगटाला मनगट लागलं. तेवढ्यात चढ संपला, गाडीनं वेग घेतला. आणि हात निसटला.

निसटला असं भिवसन सांगायचा. कुणाला? कुणालाच नाही. स्वतःलाच. रोज रात्री.

पुढच्या स्टेशनावर उतरून तो रातोरात मागं चालत आला. उजाडलं होतं. तोवर लाईनीवर आम्ही पोचलो होतो. होय, आम्ही. माझीच गँग होती ती. पंचनामा झाला. ओळख पटवायला कुणी नाही. अंगावर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आम्ही चौघांनी लाईनीच्या एकशेबारा किलोमीटरच्या दगडापाशी, बोरीखाली खड्डा घेतला आणि माती दिली. स्टेशनाच्या वहीत नोंद झाली: अनोळखी पुरुष. आणि हा भिवसन शंभर हातांवर, हुरड्याला आलेल्या जवारीत बसून बघत होता. बाहेर आला नाही. पोलीस बघितले आणि त्याचे पाय उचलेनात. मला हे सगळं नंतर कळलं, त्याच्याच तोंडून.

नाव न घेता माती दिलेला माणूस. बाबांनो, तो तिथंच राहतो. जाईल कुठं?

पुढं ऐका.

सतरा तारखेला दुपारी भट्टीवर चाँदभाई मन्यार आला, बांगड्या घेऊन. भट्टीवरच्या बाया जमल्या. एक म्हणाली, "चाँदभाई, काच पातळ झाली तुमची. भरली की फुटती."

"काच पातळ नाही बाई, तुझं मनगट जाड झालंय. चुना खाती का काय?"

बाया हसल्या. मग तो म्हणाला, "मनगट बघायचं तर माळसेलूच्या सोजरबाईचं बघा. नुसतं हाड राहिलंय. पण दर महिन्याला हिरवा चुडा भरून घेते. नवरा जिता आहे म्हणते. रोज लाईनीवर जाऊन गार्डाला हाका मारते, माझा माणूस बघितला का. दीर म्हणतो, पळाला तो, दुसरी केली त्यानं."

"मग?"

"मग काय! विधवा असती तर घरात ठेवली असती. टाकलेली कोण ठेवतो? उद्या बुधवारी दिवस वर आला की गाठोडं बाहेर ठेवणार म्हणतो. माहेरी कोणी नाही तिला. जाईल कुठं, अल्ला जाणे." मग त्यानं भिवसनकडं बघितलं. "भिवसनभाऊ, तुमी मालवाले होते ना? उकंडा म्हणून कोणी माहीत होता?"

भिवसन म्हणाला, "न्हाई."

एवढंच म्हणाला आणि घण उचलला. पण घण खाली येईना. बाया बघायला लागल्या. त्यानं घण ठेवला, घोंगडं घेतलं, आणि निघाला.

सकाळची पॅसेंजर निघून गेलेली. उद्याची दुपारी पोचणार. चालत जावं तर एकाहत्तर किलोमीटर, पोचेपर्यंत सोजर गावाबाहेर गेलेली असणार. राहिली ती नऊची मालगाडी. म्हणजे तोच चढ. तीच वेळ. कळलं तुम्हाला? सकाळच्या आत माळसेलू गाठायचं आणि त्या बाईला सांगायचं, बाई, तो पळाला नाही, तो मेला. हे सांगणारा अख्ख्या मुलखात एकटा भिवसन. तोही मेला, तर संपलं.

गाडी आली. एक रिकामी वाघीण बघून तो चढला. आत मिट्ट काळोख, पेंडीचा जुना वास. दार हातभर उघडं ठेवलं. खोबणीत गुटका ठोकला. घोंगडं अंथरून कोपऱ्यात बसला.

एक स्टेशन गेलं. दुसरं गेलं. आणि दार सरकायला लागलं.

घर्रर्र. हळूहळू. भिवसन उठला, खोबण चाचपली. गुटका नाही! पायानं दार अडवलं, ढकललं, काडी ओढली. बघतो तर गुटका वाघिणीच्या दुसऱ्या टोकाला. पडलेला नव्हे हो. उभा. कुणीतरी नीट उभा करून ठेवलेला.

हिसक्यानं गेला असेल, म्हणाला. परत ठोकला.

अर्धा तास झाला. घर्रर्र. परत तेच! या खेपेला गुटका त्याच्या भाकरीच्या फडक्यावर. भिवसनला घाम फुटला. एवढ्या थंडीत घाम! तिसऱ्यांदा ठोकला आणि त्यावर टाच दाबून बसला. आता बघू कोण काढतो.

डोळा मिटला नाही त्याचा. आणि मांडीवर काहीतरी आलं. आपटून नाही. हलकेच. जोडीदार जोडीदाराला बिडी देतो ना, तसं. हात लावून बघितलं.

गुटका.

टाचेखाली काय होतं? काही नाही. रिकामी खोबण. पण गंमत ऐका, दार आता सरकत नव्हतं. गाडी हिसके देत होती आणि दार जागच्या जागी उघडं. कुणीतरी बाहेरनं धरून ठेवल्यासारखं.

कोण? तूच विचार त्याला. आणि तू काय म्हणतोस? "आबा, मग त्यानं दार लावून का नाही घेतलं?" अरे, लावून घेतलं तर तो आत आणि सोजर तिकडं वाटेला लागलेली. दार बंद झालं तर हाक मारायलाही जागा नाही. उघडं ठेवलं तर ते बाहेरचं. दोन्हीकडनं कोंडी.

गाडी खैरमाळाला लागली. इंजिन रडायला लागलं. भक्, भक्, भक्. वेग उतरला. आणि खडीवर पावलं वाजली.

खच् खच् खच् खच्. कुणीतरी गाडीबरोबर धावतंय.

"ए भाऊ! हात द्या! हात द्या हो!" म्हाताऱ्याचा आवाज.

आता वीस वर्षांची सवय. डोक्याला विचारायच्या आधी हात बाहेर गेला. कायदा तो कायदा. चांदण्यांच्या उजेडात एक पागोटं दिसलं, वर आलेला हात दिसला. वीतभर अंतर राहिलं. आणि भिवसनच्या कानाला काहीतरी खटकलं.

धावणारा माणूस धापतो. म्हातारा तर जास्तच. शब्द तुटतात, छाती वाजते. हा म्हातारा चढावर धावत होता, बोलत होता, आणि धापत नव्हता. घरात बसल्यासारखा आवाज. "हात द्या हो. हात द्या हो."

भिवसननं हात आत ओढला. पावलं थांबली. एकदम थांबली. मागं पडली नाहीत, दूर गेली नाहीत. थांबली.

रामराम म्हणत बसला तो. थोडा वेळ गेला. मग बाईचा आवाज.

"दादा! मला नका घेऊ! लेकरू तेवढं घ्या! लेकरू घ्या, दादा!"

आणि लेकरू रडतंय. असं रडतंय की काळजाचं पाणी व्हावं. भिवसन सरपटत दारात आला. बाई धावत होती, पदर उडत होता, आणि धापत होती! छाती भरून धापत होती. दोन्ही हातांनी गाठोडं वर धरलेलं. गाठोड्यातनं एक चिमुकली मूठ बाहेर आलेली.

माणूस असला तर हात जाणारच ना? गेला त्याचा हात. गाठोड्याला बोटं लागली. आणि त्यानं सहज खाली बघितलं.

खाली पाणी होतं.

गाडी खैरी नदीच्या पुलावर होती! त्या पुलाला कठडा नाही, पाऊलवाट नाही. रूळ, आणि खाली सरळ चाळीस हात पात्र. धावायला जागाच नाही! आणि बाई धावत होती. खडी वाजत होती. पुलावर खडी कुठनं आली?

भिवसननं किंकाळी फोडली आणि मागं पडला. लेकरू रडत राहिलं. पूल संपेपर्यंत रडत राहिलं. मग ते रडणं हळूहळू बदललं. मोठ्या माणसाचं झालं. मोठा माणूस हुंदके गिळतो, तसं.

आणि एकशेबाराचा दगड आला.

ऐका आता. कुणी उठू नका.

"भिवसना."

त्यानं ओळखला. न ओळखून कसं चालेल? वीस वर्षांत वाघिणीच्या अंधारात तोच आवाज ऐकला होता.

"भिवसना, हात दे रे."

दारात बघितलं. उकंडा धावत होता. तेच धोतर, ओचा वर खोचलेला. धापत होता. घाम होता तोंडावर. हसत मात्र नव्हता.

"उकंड्या," भिवसन म्हणाला, "तू गेलास लेका. तू मेलास."

"मला कुठं कुणी सांगितलं तसं? खड्डा घेतला, माती टाकली. कोणी नाव घेतलं का? रोज रात्री गाडी येते. रोज धावतो. कोण हात देत न्हाई."

"मघाचा म्हातारा तू? ती बाई तू?"

"मला वाटलं, मला न्हाई देणार तू. दुसऱ्या कोणाला तरी देशील."

हे ऐकलं आणि भिवसन पोटावर पालथा झाला. त्यानं काय केलं माहीत आहे? कडी सोडली. दोन्ही हात बाहेर काढले. दोन्ही! मनगटाला मनगट लागलं. बर्फ, बाबांनो, बर्फ! आणि ओढ अशी, की विहिरीत मोट सुटावी. उकंडा वर येईना. भिवसन खाली चालला. छातीपर्यंत बाहेर आला. पोटापर्यंत आला. खाली चाक वाजतंय, चाकाचा वारा तोंडाला लागतोय.

"उकंड्या, मी सोजरीकडं चाललोय. सकाळी तिला बाहेर काढणार हायत. मला जाऊ दे. मी सांगतो तू मेलास म्हणून."

"कसा मेलो म्हणून सांगशील?"

"हात निसटला म्हणून."

ओढ वाढली. गुडघे सरकले. दाराच्या पत्र्यानं पोट सोललं.

"कसा मेलो, भिवसना?"

चाक हातभर राहिलं. अशा वेळी माणूस खोटं बोलू शकत नाही. भिवसन ओरडला. इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला, "मी सोडला! निसटला न्हाई, मी सोडला! तेलानं सरकत होता, तू मला ओढत होतास, मी भ्यालो! कडी सोडून दुसरा हात दिला असता तर तू वर आला असतास! मी कडी न्हाई सोडली, तुला सोडलं!"

ओढ थांबली. तशीच राहिली, वाढली नाही, कमी झाली नाही. उकंडा धावतोय, गाडी चाललीय.

"ठाव हाय मला," उकंडा म्हणाला. "मला बोटं उघडताना कळली होती तुझी."

भिवसन रडायला लागला. रडत म्हणाला, "या खेपेला मी सोडणार न्हाई. मला खाली नेलंस तरी सोडणार न्हाई. सुटायचं असलं तर तूच सोड."

चढाचा माथा आला. इंजिनाचं रडणं थांबलं. गाडीनं वेग घेतला. उकंडा धावत होता, धावत होता, त्याचे पाय खडीवरनं सुटायला लागले. भिवसनची पकड पक्की होती. दहाही बोटं. एकही उघडलं नाही.

मग उकंड्याची बोटं उघडली. एक एक करून.

"सोजरीला असंच सांग," म्हणाला. "आत्ता सांगितलंस, तसंच."

आणि मागं पडला. चांदण्यांच्या उजेडात थोडा वेळ दिसला. मग गार्डाच्या डब्याचा लाल दिवा त्याच्यावरनं गेला आणि काही दिसलं नाही.

भिवसन कसाबसा आत सरकला. दोन्ही मनगटं काळीनिळी. पोटाची साल निघालेली. बारा चाळीसला गाडी माळसेलूच्या बाहेर सिग्नलाला उभी राहिली. तो उतरला आणि उजाडेपर्यंत लाईनीच्या कडेला बसून राहिला.

म्हणून सांगतो, ऐका. खैरमाळाच्या त्या चढावरनं रात्री कधी जाऊ नका. गाडीनं नको, पायी तर नकोच नको. जायची वेळ आलीच, तर दारात बसू नका. आणि कुठंही, कधीही, अंधारात कुणी हात मागितला तर देण्याआधी एकदा त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा. उकंड्यानं भिवसनला सोडलं. तुम्हाला सोडेल असं मी म्हणत नाही. मागितलेला हात मिळाला नाही अशी तिथं आणखी किती जणं असतील, कुणी मोजलंय?

काय? सोजरीचं काय झालं? सांगतो ना. ते सांगितल्याशिवाय उठतो का मी.

दिवस कासराभर वर आला तेव्हा भिवसन दारात पोचला. गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलेलं होतं. सोजर गाठोड्याजवळ बसलेली. दीर दाजिबा ओट्यावर उभा, शेजारचे चार लोक बघायला.

भिवसन म्हणाला, "वयनी, उकंडा पळाला न्हाई. तो संक्रांतीच्या आदल्या राती मेला. घरीच येत होता. तुझ्यासाठी बोरं तोडायला उतरला होता. त्यानं हात मागितला, मी दिला, आणि भिऊन सोडला. मी मारलं त्याला."

मग दाजिबा ओरडला, "कोण रे तू? हिनं बोलावलं का तुला? खोटं सांगतो! कुठं हाय मढं?"

"चला, दावतो."

सगळी निघाली. सोजर पुढं. साडेअकराला एकशेबाराच्या दगडापाशी आली. मी तिथंच पान्यानं बोल्ट आवळत होतो. बोरीखालच्या मातीकडं बोट करून भिवसननं मला विचारलं, "यात कोण हाय?" मी म्हणालो, अनोळखी. मग मी दाजिबाला विचारलं, "तुझ्या भावाच्या अंगावर काही खूण?"

"डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली."

"करंगळी आणि शेजारचं?"

दाजिबा मटकन खाली बसला.

सोजरनं बांगड्या तिथंच दगडावर वाढवल्या. रडली नाही. भिवसनकडं वळली आणि म्हणाली, "कोणता हात?"

भिवसननं उजवा हात पुढं केला. तिनं बघितला. ते काळंनिळं मनगट बघितलं. मग म्हणाली, "झाकून घ्या. थंडी हाय."

दुपारी सव्वातीनला स्टेशनाच्या वहीत चौदा जानेवारीच्या पानावर 'अनोळखी पुरुष' हे शब्द खोडून नाव लिहिलं गेलं: उकंडा धोंडिबा वाकळे, वय अडतीस, राहणार माळसेलू. दाजिबानं गाठोडं उचलून घरात नेलं. सोजर त्या घरात राहिली. भिवसन लाईनीनं पायी निघाला आणि गुरुवारी संध्याकाळी पिंपरखेडला पोचला.